आधी हिरा नाही, गार्नेट शोधतात

उत्तर कॅनडासारख्या बर्फाळ ओसाडीत हिऱ्यांसाठी नेमकं कुठे खणायचं हे कळतं कसं, असा प्रश्न पडतो. सुरुवातीला हिरा कुणी शोधतच नाही. वाळू चाळून जांभळट पायरोप गार्नेट आणि हिरव्यागार क्रोम डायोप्साइड या खनिजांचे मोहरीएवढे कण वेचतात. हिमनदीने ते किंबरलाइटपासून, म्हणजे हिरे ज्यात सापडतात त्या खडकापासून, फरफटत आणलेले असतात, म्हणून माग उलटा काढायचा, बर्फ जिकडून आला तिकडे. कॅनडात चक फिप्की आणि स्ट्यू ब्लुसन हे भूवैज्ञानिक असेच वर्षानुवर्षं पूर्वेकडे सरकत लॅक द ग्रा सरोवरापाशी पोचले. १९९१ मध्ये हिरे हाती लागले, तिथली एकाटी ही हिऱ्यांची खाण सुरू व्हायला मात्र १९९८ उजाडलं! आणि किंबरलाइट पडला मऊ. बर्फाने खरवडला की तिथे बऱ्याचदा तळंच होतं. मग हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच ड्रिल उभं करतात.