मे महिन्यात अजिंठा-वेरूळ: आईसाठी कपडे आणि पायात काय?

डोंबिवलीची_लेक:
नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला जातोय, लेकाच्या सुट्टीमुळे दुसरी तारीख जमतच नाहीये. अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर आणि झालं तर दौलताबाद. सोबत आई आहे, पासष्टीची, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. आम्हाला घामाची सवय आहे पण चाळिशीपार कोरडं ऊन कसं असतं काहीच अंदाज नाही. स्लीव्हलेस आणि थ्री-फोर्थ बरे पडतील की अंगभर कपडे? नवरा म्हणतोय सगळ्यांना ड्रायफिट टीशर्ट घेऊन टाकू. आणि आईला स्पोर्ट्स शूज घेऊ का सँडल? पंजाबी ड्रेस घालते ती.

मराठवाडी_माणूस:
ताई, स्लीव्हलेस आधी बॅगेतून काढा. मेमध्ये आमच्याकडं दुपारची हवा अंगापेक्षा गरम असते, उघड्या हाताला वारा लागला की गार वाटत नाही, भाजतं. म्हणून तर शेतात जाणारी जुनी माणसं पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल याशिवाय बाहेर पडत नाहीत. सैल, फिक्या रंगाचं, पूर्ण बाह्यांचं सुती घ्या, खादी किंवा मलमल. तुमच्याकडं हवाच दमट म्हणून सुती कपडा ओला राहतो आणि अंगाला चिकटतो, इथं घाम लगेच उडतो आणि उडता उडता अंग गार करतो, त्यामुळं ड्रायफिटवर पैसे घालवू नका. जीन्स तर अजिबात नको. आणि प्रत्येकाला एक पंचा, ओला करून डोक्यावरून कान-मान झाकून घ्यायचा, नुसत्या कॅपनं कान उघडे राहतात.

लेणीवेडी:
पायातल्याचं मी सांगते. अजिंठ्याला १, २, १६, १७ या चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाने दर वेळी वाकून लेस सोडायची आणि बांधायची म्हणजे हाल आहेत, त्यामुळे शूज नकोच. मागे पट्टा असलेली, जाड आणि ग्रिपवाल्या सोलची वेल्क्रो सँडल घ्या. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, उन्हात चालून तेच होतं, आणि वेल्क्रो असला की पट्टा सैल करता येतो. जायच्या आधी घरात घालून फिरू दे त्यांना, नवी सँडल तिथे चावली तर दिवस वाया जातो. पर्समध्ये सुती मोजे ठेवा, बाहेरचा काळा बेसाल्ट दुपारी असा तापतो की दोन पावलं टाकवत नाहीत, लेण्याच्या दारापर्यंत मोजे घालून जायचं, आत छान गार असतं. मात्र गुळगुळीत दगडावर मोजे सटकतात, आईंचा हात धरा. चामड्याच्या सोलची कोल्हापुरी पायऱ्यांसाठी नको. दौलताबादला आईंना खालचाच भाग दाखवा, अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, वर चढायला लावू नका प्लीज.

मराठवाडी_माणूस:
बरोबर. अजून एक, घृष्णेश्वरला गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावा लागतो, दाजींना बटणाचा शर्ट द्या आणि चामड्याचा पट्टा हॉटेलवरच ठेवा. अजिंठ्याच्या कड्यावर आग्या मोहोळं असतात, तिकडं परफ्यूम मारून जाऊ नका. आणि अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, त्या हिशोबानं दिवस लावा.

डोंबिवलीची_लेक:
खूप खूप आभार दोघांचे!! शूज कॅन्सल, उद्याच संध्याकाळी आईला घेऊन सँडल बघायला जाते. पंचे इथूनच घेऊ का तिकडे मिळतील?

मराठवाडी_माणूस:
इथं गुलमंडीच्या बाजारात मिळतील की. पण घरात जुने धुतलेले असतील तर तेच आणा, कोऱ्या पंच्याला खळ असते, दोन-चार धुण्यांशिवाय तो पाणी धरत नाही.