कोविडचे निर्बंध उठवायला लसीकरणाची टक्केवारी पुरेशी आहे का?

रेवती
ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये कुणालाही समजेल असा नियम केला: 16 वर्षांवरच्या 70 टक्के लोकांचे दोन्ही डोस झाले की पहिली सूट, 80 टक्क्यांना पुढची. न्यू साउथ वेल्सने 6 ऑक्टोबरला 70 टक्के गाठले आणि 11 तारखेला दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी हॉटेलं, सलून, जिम उघडली. आकडा आधीच जाहीर असला की दुकानदाराला माल कधी भरायचा ते कळतं, आणि चालढकल करणाऱ्यालाही लस घ्यायला कारण मिळतं. मला हाच सर्वांत प्रामाणिक निकष वाटतो.

आकडेमोड
पूर्ण असहमत. टक्के कुणाचे, ते आधी बघा. 16 वर्षांखालची मुलं धरली की ते 80 टक्के एकूण लोकसंख्येच्या जेमतेम 64-65 भरतात. डेन्मार्क 12 वर्षांवरचे मोजत होता, सिंगापूर तान्ह्या बाळासकट सगळे. छेदच वेगळा, तर तुलना कसली?

शिवाय सरासरीत म्हातारी माणसं झाकली जातात. 2022 च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये निम्म्याहून अधिक लोकांचे दोन्ही डोस झाले होते, पण 80 वर्षांवरच्या बहुतेकांनी लसच घेतली नव्हती. ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला आणि काही महिन्यांत 9 हजारांवर माणसं गेली. साधा हिशेब करा: 80 वर्षांवरच्या शंभरात 95 जणांना लस मिळाली तर 5 उरतात, 90 जणांना मिळाली तर 10. फरक पाच टक्क्यांचा, पण धोक्यात राहिलेले दुप्पट. रुग्णालयातल्या खाटा त्यांनीच भरतात.

रेवती
वयाचा मुद्दा मान्य. मग वयोगटवार आकडा लावा, आकडाच का टाकायचा? इंग्लंडने लस, रुग्णालयं, संसर्ग, नवे विषाणू अशा चार कसोट्या ठेवल्या, आणि निर्बंध उठवायची 21 जून 2021 ही तारीख शेवटच्या आठवड्यात 19 जुलैवर गेली. लग्नाचे हॉल धरून बसलेल्यांनी काय करायचं?

मिलिंद
ती ढकलली ते बरंच झालं. तेव्हा पसरत असलेल्या डेल्टा या विषाणूच्या प्रकारापुढे एका डोसचं संरक्षण साधारण 33 टक्केच दिसत होतं. त्या चार आठवड्यांत चाळिशीपुढच्यांच्या दोन डोसांतलं अंतर 12 वरून 8 आठवड्यांवर आणलं. तारखेला चिकटून राहिले असते तर लाखो लोक एकाच डोसवर बाहेर पडले असते.

डोसांतलं अंतर किती नडतं ते मुंबई लोकलवरून कळतं. 15 ऑगस्ट 2021 पासून दुसऱ्या डोसला 14 दिवस झालेल्यांनाच पास. कोविशील्डचं अंतर तेव्हा 84 दिवस. म्हणजे 1 जूनला पहिला डोस घेतला, तर दुसरा 24 ऑगस्टला आणि पास 7 सप्टेंबरला. नियम पाळूनही माणूस तीन आठवडे फलाटाबाहेर. ज्यांना घरून काम करता येत नव्हतं, त्यांचं यात फार हाल झालं.

आकडेमोड
डेन्मार्कने 1 फेब्रुवारी 2022 ला निर्बंध काढले, तेव्हा रोजचे बाधित 40 हजारांच्या वर होते. अतिदक्षता विभागातले रुग्ण मात्र घटत होते, आणि बूस्टर बहुसंख्यांना मिळाला होता. लसीचा आकडा आणि खाटा शेजारी ठेवूनच निर्णय झाला.

रेवती
म्हणजे टक्केवारी लागलीच की!

आकडेमोड
लागली, पण ती टिकत नाही. इस्रायलमध्ये ऑक्टोबर 2021 पासून दुसऱ्या डोसला सहा महिने उलटले आणि बूस्टर नसेल, तर ग्रीन पास, म्हणजे हॉटेलं-कार्यक्रमांत प्रवेशाचा दाखला, रद्द. काल 'पूर्ण लसीकृत' असलेला माणूस आज यादीबाहेर. तुमच्या 80 टक्क्यांवर तारीख कुठली घालणार?