शिंग आणि नसांचा कमठा (धनुष्य) घरी बनवायचाय, विदर्भाच्या हवेत टिकेल का? सल्ला हवा

पऱ्हाटी (ता. आर्वी, जि. वर्धा):
नमस्कार मंडळी. शाळेत असताना तिरंदाजीतला इंडियन राउंड हा प्रकार खेळलोय, बांबूच्या धनुष्यावर, ३० आणि ५० मीटर. आता शेती बघतो, पण तिरकमठ्याचा नाद सुटलेला नाही. पोटाला (ताणणाऱ्याकडच्या बाजूला) म्हशीचं शिंग, पाठीला (समोरच्या बाजूला) नसा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे चिवट तंतू, आणि मधे लाकूड असा जुन्या पद्धतीचा कमठा स्वतःच्या हातानं करायची फार इच्छा आहे. तुर्की, कोरियन, मुघल धनुष्यं याच घडणीची. शिंगाची अडचण नाही, आमच्या भागात गवळ्यांकडे नागपुरी म्हशी आहेत. लांब, चपटी, खांद्याकडे गेलेली शिंगं.
विचारायचं आहे ते असं: मधलं लाकूड कोणतं घेऊ? चिकटवायला सरस (जनावराच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) घेऊ की इपॉक्सी (रासायनिक गोंद)? नसा कुठून आणि कशा काढायच्या? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे इथला मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा. पहिला कमठा किती पाउंडाचा, म्हणजे ताणायला किती जोर लागेल असा, धरावा?

वैनगंगाकाठ (जि. भंडारा):
लाकडासाठी लांब जाऊ नका, बांबूच घ्या. कोरियन कारागीर मधल्या गाभ्याला बांबूच वापरतात. आपल्याकडचा मानवेल भरीव असतो आणि तंतू सरळ जातात. पक्व, बुडाकडचा, सावलीत नीट वाळलेला हवा. कोवळा बांबू पुढे आकसतो आणि जोड उकलतो. टोकांचे कान (दोरी अडकते ते ताठ भाग) मात्र बांबूचे करू नका, तिथे तुती किंवा दुसरं चिवट लाकूड इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत बसवा. धामण झाडाचं लाकूडही उत्तम, जुने लोक कमठ्याला तेच निवडत, पण सरळ दांडा मिळायला हवा.
शिंगाबद्दल: एकाच म्हशीची डावी-उजवी जोडी घ्या. दोन जनावरांची शिंगं जोडली तर कमठ्याचा एक हात (मुठीपासून टोकापर्यंतचा भाग) कडक आणि एक मऊ होतो, मग तासून तासून जीव जातो. शिंग हातात घेऊन उन्हाकडे फिरवून पाहा. बुडाशी बारीक केसासारखी चीर दिसली तर पैसे देऊ नका. पट्टी काढायची ती बाहेरच्या वाकाची. उकळत्या पाण्यात मऊ करून दोन फळ्यांत शिकंजानं दाबली की सपाट होते. नंतर शिंग आणि बांबू दोन्हीवर दातेरी पट्टीनं लांबीच्या दिशेनं खाचा पाडा, म्हणजे सरसाला धरायला जागा मिळते. बैलाची शिंगं घेऊ नका. दरवर्षी पोळ्याला साळून साळून ती पातळ झालेली असतात, शिवाय कायद्याचा मुद्दा वेगळाच.

गोठा (जि. अमरावती):
भाऊ, नसाचं मले विचारा. मागच्या पायाची, टाचेवरची मोठी नस घ्याची, म्हशीचीच. परवानावाल्या खाटकाले आधीच सांगून ठेवा, नाहीतर थे फेकून देतात. वरचं मास-चरबी सुरीनं खरडा अन् सावलीत टांगा, कुत्र्या-मांजरापासून उंच. वायली का पिवयी अन् आरपार दिसाले लागते, कडक होते. मंग दगडावर ठेवून लाकडाच्या मोगरीनं ठोका. लोखंडी हातोडी नोका घेऊ, धागे तुटतात. ठोकता ठोकता थे पांढरी पडते अन् धागा धागा सुटा होते. साबणाच्या कोमट पान्यात धुवा. चरबी राह्यली त सरस धरतच नाही. सुकली का कंगव्यानं विंचरून लांब-आखूड जुड्या येगयेगळ्या बांधा. लय वेय लागते याले, पन घाई केली त पुढचं सारं वाया.

पऱ्हाटी:
दादा, मोगरीचं कुठंच वाचलं नव्हतं, मनापासून आभार. इपॉक्सीबद्दल कुणी सांगेल का? दुकानात सहज मिळतं, पाण्यालाही भीत नाही.

जुनी_वखर (जि. यवतमाळ):
शिंग आणि बांबूच्या जोडाला इपॉक्सी चालतं, आज बरेच जण तेच वापरतात. नसांना मात्र सरसच. जुडी सरसात भिजते, तंतूतंतूत सरस शिरतो आणि वाळताना सगळं मिळून आकसतं. त्या आकसण्यानंच कमठा उलट्या बाजूला ओढला जातो, दोरी काढल्यावर जो वाक दिसतो त्यातला बराचसा त्याचाच. तोच तर या धनुष्याचा जोर! ताणताना पाठीवर ओढ येते ती नस सोसते, लाकडापेक्षा कितीतरी जास्त लांबते आणि परत येते. पोटावर दाब येतो तो शिंग सोसतं. एवढ्या आखूड धनुष्याला एवढं ताणलं तर नुसतं लाकूड मोडेल.
सरस रात्रभर थंड पाण्यात फुगवा, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून गरम करा. ६० अंशांच्या आसपास ठेवा, उकळू देऊ नका, उकळला की त्याची ताकद जाते. आधी पातळ सरसाचे दोन-तीन हात देऊन वाळवा, मग जोड. जुड्या मधल्या मुठीपासून टोकाकडे लावत जा, आणि एकीची टोकं दुसरीच्या टोकांसमोर येऊ देऊ नका. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको.
आता हवामान, खरा प्रश्न हाच. जुने चिनी कारागीर हिवाळ्यात लाकूड, वसंतात शिंग, उन्हाळ्यात नसा तयार करत आणि शरदात तिन्ही जोडत. आपल्याकडे पाऊस गेला की दिवाळीनंतर जोडकाम सुरू करा, नसांचे थर थंडीत लावा. मे महिन्यात टिनाच्या शेडात ठेवलात तर शिंग तडकेल. कूलरसमोर तर मुळीच नको.

वैनगंगाकाठ:
वखरदादांशी एका बाबतीत असहमत. त्यांचं वेळापत्रक बरोबर आहे, पण आपल्याकडे खरा शत्रू ऊन नव्हे, पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टात सरस ओल पितो, कमठा ढिला पडतो, हात पिळवटतात. भारतात पोलादी धनुष्यं बनत होती, त्यामागे हवेचं हेही एक कारण सांगतात. कोरियात ओलाव्यापासून वाचवायला धनुष्य ऊबदार पेटीत ठेवतात. तुम्ही लाकडी पेटीत छोटा बल्ब लावा, आणि पाठीवर पातळ चामडं चढवून वरून लाखेचा हात द्या. पावसाळ्यात चालवूच नका.

जुनी_वखर:
पावसाळ्याचं मान्य. पण चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यालाही कमी लेखू नका.

गोठा:
अन् भाऊ, दोरी चढवताना लय सांभाळा. असा कमठा उलटा फिरला त हातातून उडते. दोघं जन घ्या, आधी जरासा शेकून घ्या, अन् चढवल्यावर दोन्ही टोकं एका रेषेत हायेत का पाहा. तीर न लावता रिकामी दोरी कधीच सोडू नोका.

रानवाट (जि. गोंदिया):
थोडं कायद्याबद्दल, कारण हा धागा नवे लोक वाचतील. महाराष्ट्रात गोवंश हत्येची बंदी २०१५ पासून बैलांनाही लागू आहे, म्हणून म्हशीचंच सामान घ्या आणि पावती ठेवा. चितळ-सांबराची शिंगं, रानगव्याचं शिंग, त्यांच्या नसा, कशालाही हात लावू नका, रानात पडलेलं मिळालं तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला बंदी आहे. नागझिरा, मेळघाट, ताडोब्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी गाडीच्या डिक्कीतही ठेवू नका.
सरावासाठी आमच्याकडे तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) गठ्ठे एकावर एक रचतो, मागे मातीचा बांध असतो. तुमच्याकडे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पोत्यात ठासून भरा. बांबूचे तीर, बोथट टोकाचे. पीक निघाल्यावर, समोर धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) माणूस-जनावर नाही हे पाहूनच.
ताणायचं अंगठ्यानं. अंगठ्यावर घालायचं जाड चामड्याचं अंगुस्तान शिवून घ्या, तीर उजव्या बाजूला ठेवा. तुम्हाला इंडियन राउंडची तीन बोटांची सवय असणार, तीर डाव्या बाजूला. अंगठ्याची पकड बसायला वेळ द्या. ३० ते ३५ पाउंडाच्या वर जाऊ नका.

पऱ्हाटी:
ठरलं मग. या थंडीत पूर्ण शिंगाचा न करता मानवेलाच्या साध्या कमठ्यावर नसांचा थर देऊन हात बसवतो. शिंगांची जोडी आताच घेऊन सावलीत ठेवतो, ते काम पुढच्या दिवाळीनंतर. शेवटचा प्रश्न, दोरी कशाची? रुईच्या वाखाची वळावी असं मनात आहे.

जुनी_वखर:
रुईचा धागा जुना आणि चांगला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीच्या वस्तूंत मूर्वा (एक वनस्पती), ताग, बांबू आणि नसांबरोबर रुईही आहे. तुमच्या धुऱ्यावर असेलच, थंडीत सोलून वळून ठेवा. पण पहिल्या कमठ्यावर डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) बाजारची दोरी लावा, म्हणजे दोरी तुटून कमठा जायची भीती नाही. रुईची वळून झाली की आधी खुंटीला बांधून वजन लटकवून पाहा, फोटो इथे टाका, मग सांगतो चढवायची की नाही.