राबाउलला एकच दिवस मिळाला तर

क्रूझ राबाउलला जेमतेम एक दिवस थांबते, मग तिथलं दुसऱ्या महायुद्धातलं गंजकं लोखंड बघायला उतरावं का, असा प्रश्न कुणी तरी विचारला आहे. जरूर उतरा.

पापुआ न्यू गिनीतलं हे बंदर जपान्यांनी जानेवारी १९४२मध्ये घेतलं आणि १९४५पर्यंत सोडलं नाही. बॉम्बवर्षावापासून वाचायला त्यांनी डोंगर पोखरून बोगदे केले. एका बोगद्यात सामान वाहायच्या लोखंडी होड्या अजून एकामागोमाग उभ्या आहेत. टॉर्च न्या, आत मिट्ट काळोख असतो. जपानी आरमाराचे सेनापती ॲडमिरल यामामोतो १८ एप्रिल १९४३ला इथूनच विमानात बसले आणि बुगनव्हिल बेटावर त्यांचं विमान पाडलं गेलं. त्यांच्या नावाचा बंकरही दाखवतात. जुनं गाव मात्र १९९४च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं.

पण वेळ कमी असेल तर बंकर सोडा आणि बिटा पाकाची युद्धस्मशानभूमी बघा. जवळच्या कोकोपो गावाच्या पुढे आहे, गाडी आधीच ठरवून ठेवा. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले हजारो हिंदी सैनिक जपान्यांनी मजुरीसाठी या भागातल्या बेटांवर आणले. उपासमार, मलेरिया, मारहाण यांत किती तरी गेले. कापलेल्या हिरवळीत त्यांची नावं वाचताना माझा घसा दाटून आला. शाळेत आम्हाला यांच्याबद्दल एक ओळही नव्हती.

आमच्या बसमधले बहुतेक प्रवासी ऑस्ट्रेलियन, आपापल्या आजोबा-काकांची नावं शोधत होते. आपल्या माणसांसाठी फुलं घेऊन आलेलं कुणी दिसलं नाही. तुम्ही गेलात तर थोडी घेऊन जा, कोकोपोच्या बाजारात मिळतील.