मदत हवी आहे: ही वेल गुळवेलच आहे का? आई शुगरच्या गोळ्याही घेते

नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यातलं, मी नोकरीसाठी पुण्यात. आई (वय ६३) गावीच असते. लांबण लागेल, घाई असेल त्यांनी शेवटचे दोन प्रश्न वाचले तरी चालेल.

कोरोनात घरोघरी काढे सुरू झाले तेव्हा आईनंही गुळवेल धरली. आमच्या बांधावर जुना लिंब होता, वेल त्याच्यावरच चढलेली. करंगळीएवढी कांडी ठेचायची, रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून गाळून घ्यायची. कधी तक्रार नव्हती. मागच्या वर्षी विहिरीच्या कामात लिंब गेला, सोबत वेलही. (गुळवेल कापली तरी पुन्हा फुटते, म्हणून तर तिला छिन्नरुहा म्हणतात. एक कांडी लावून ठेवायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही.)

मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या अंगणातली वेल दिली. त्यांनी ती बाजारातल्या रोपवाल्याकडून आणलेली. दिवाळीत गेलो तेव्हा बघितली. पानं तशीच बदामाच्या आकाराची, पण खोड राखाडी आणि अंगभर कारल्यासारख्या गाठी. काकू म्हणतात, "जितक्या गाठी, तितका गुण." जुन्या वेलीवर बारीक पुटकुळ्या होत्या, अशा गाठी मला आठवत नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी पहाटे आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीनवर साखर ५८. गूळपाणी दिल्यावर सावरली. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? आई म्हणाली नाही. मला फोनवर म्हणते, "काढा काय औषध हाय का? झाडपाला हाय त्यो." डॉक्टरांनी रात्रीची गोळी कमी केली. काढ्याचं त्यांना अजून माहीत नाही.

तर १) वेल कशी ओळखायची? २) मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू असताना गुळवेल चालते का?

प्रतिसाद
भाऊ, आधी काढा बंद करा, ओळख नंतर. गुळवेलीनंही साखर उतरते. त्यात ग्लिमेपिराइड असेल तर पहाटे असं होऊ शकतं. डॉक्टरांना आजच फोन करून काढ्याचं सांगा, नाहीतर आता काढा थांबला की कमी केलेल्या गोळीवर साखर वर जाईल.

प्रतिसाद
वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. तुमचं वर्णन टिनोस्पोरा क्रिस्पाशी जुळतं. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आयुष मंत्रालयानं २०२२मध्ये हाच फरक सांगितला होता: गुळवेलीचं खोड हिरवट, गाठी नाहीत, दुधाळ चीक नाही. क्रिस्पाचं राखाडी, गाठाळ, चीक दुधाळ. क्रिस्पानं यकृताला इजा होऊ शकते. कांडी आडवी कापून आतले चाकासारखे आरे दाखवणारे बरेच भेटतील, त्यावर जाऊ नका, ते दोन्हींत दिसतात. गुळवेलीची फळं लाल, वाटाण्याएवढी गोल, पण नर-मादी वेल वेगळ्या असल्यानं फळ आलंच पाहिजे असं नाही. आणि कोवळ्या फांदीवरून ठरवू नका, जुनं खोड बघा. खात्री हवी तर धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात कांडी न्या.

प्रतिसाद
लिव्हरची तपासणी (एलएफटी) पण करून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर थांबू नका. वेल खरी निघाली तरी हे कराच. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोललो, काढा बंद. उद्या लातूरला तपासणी. आई रुसली आहे, ते बघतो. भाऊ परवा कांडी आणि पान घेऊन धाराशिवला जाईल. काकूंच्या घरीही दोघं हाच काढा पितात, त्यांना आत्ता फोन लावतोय.