गेटपासच्या टेबलावर फाइव्ह स्टार: हे थांबायला हवं

जुळेसोलापूर
काल या फोरमवर एका सभासदाने लिहिलं. ते सोलापुरातल्या एका कार शोरूममध्ये ऑनलाइनचं काम बघतात. म्हणणं असं: "गिऱ्हाइकाकडे पाच स्टार मागण्यात गैर काय? गुगल सारखे नियम बदलतं, वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू रातोरात जातात. एक मिनिटाचं काम आहे, सोलापूरकरांना त्याचाही कंटाळा."

तिथे दोन ओळी लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींत मावेना.

कंटाळा नाही ओ मालक. गेल्या महिन्यात इथल्याच एका वर्कशॉपला गाडी टाकली, २० हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग. सकाळी नऊला जॉबकार्डवर स्वतः सांगून लिहून घेतलं: ब्रेक मारला की पुढच्या डाव्या चाकातून किरकिर येते. संध्याकाळी सहाला फोन, गाडी तयार. बिल भरलं. मग गेटपासच्या टेबलावर गेलो तर शिक्क्याच्या शेजारी क्यूआर कोडचा स्टँड. तिथली मुलगी म्हणाली, "सर, आधी रिव्ह्यू टाका, स्क्रीन दाखवा, मग शिक्का मारते." म्हटलं, एक चक्कर मारून आवाज गेलाय का बघतो, मग टाकतो. तर म्हणे गेटपासशिवाय वॉचमन सोडत नाही. माझ्यामागे मोहोळकडचे एक आजोबा नातवंडाला घेऊन ताटकळत उभे. मी टाकले पाच स्टार. आसरा चौकात पहिला ब्रेक मारला आणि तीच किरकिर.

ते पाच स्टार माझ्या नावाने अजून तिथे आहेत. कुणीतरी ते वाचून उद्या गाडी टाकेल. मला याची लाज वाटते.

आणि रिव्ह्यू गायब होतात म्हणता, तर कोणते जातात ते बघा. "गुड सर्व्हिस", "नाइस स्टाफ", "थँक्यू सर", एकाच संध्याकाळी तीसेक. ज्याने ब्रेकचं काम, दिवस, बिल सगळं नीट लिहिलंय त्याचा रिव्ह्यू गेलेला मी तरी पाहिला नाही.

डिलिव्हरीयार्ड
ज्यांना उद्देशून लिहिलंय तो मीच. आता माझंही ऐका.

आमचं शोरूम आधी गावात होतं, मग हायवेला गेलं. नवीन पत्त्याचं गुगलवर नवीन पान झालं आणि जुनं "कायमचं बंद" दिसायला लागलं. ३०० च्या वर रिव्ह्यू त्या जुन्या पानावर अडकले. मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "स्टार कुठं गेले?" काय सांगू त्यांना? ते परत आणायला मी चार महिने गुगलला अर्ज करत होतो. अर्धेच आले.

वर तुम्ही म्हणता खरे रिव्ह्यू जात नाहीत. बार्शीच्या एका बाईंनी आमच्या मेकॅनिकबद्दल मराठीत बारा ओळी लिहिल्या होत्या. रस्त्यात गाडी बंद पडली तेव्हा तो रात्री साडेदहाला गेला होता. तो रिव्ह्यू गेला, परत आलाच नाही. त्या पोराने त्याचा स्क्रीनशॉट आईला दाखवला होता.

आणि एक स्टारवाल्यांचं काय? नंबरप्लेट उशिरा आली, एक स्टार. कर्ज बँकेने नाकारलं, एक स्टार. आमच्याकडे कधी पायही न ठेवलेल्या माणसाचाही एक स्टार. तुम्ही एका किरकिरीबद्दल एवढं लिहिलं, आमचा महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या आकड्यावर ठरतो. मी १७ हजारांवर काम करतो.

सातरस्ता
पगार कमी असेल तर मालकाशी भांडा. गिऱ्हाइकाचा गेटपास कशाला अडवता?

लांबूनसोलापूरकर
मी पुण्यात याच धंद्यात आहे, सर्चचं काम करतो. डिलिव्हरीयार्ड म्हणतात ते एका अर्थी खरं आहे आणि ते नवीन नाही. अमेरिकेतले कार डीलर हे आपल्या आधी भोगून बसलेत. तिथे डीलर दुसऱ्या साइटवर रिव्ह्यू जमवायचे आणि गुगलच्या पानावर ते दिसायचे. जुलै २०११ मध्ये गुगलने दुसऱ्यांचे रिव्ह्यू दाखवणं बंद केलं. मे २०१२ मध्ये प्लेसेसचं, म्हणजे गुगलवरच्या दुकानांच्या पानांचं, गूगल प्लस लोकल झालं, स्टार जाऊन झगॅट या हॉटेलांच्या गाइडचे ३० पैकी गुण आले आणि रिव्ह्यू लिहायला गूगल प्लस या गुगलच्या सोशल नेटवर्कचं खातं लागायला लागलं. नंतर पुन्हा पाच स्टारच आले. २०१४ ला दुकानदाराच्या पानाचं नाव माय बिझनेस झालं, २०२१ ला त्याचंच बिझनेस प्रोफाइल. गूगल प्लस तर एप्रिल २०१९ ला लोकांसाठी बंदच झालं.

पण यातून शहाण्या डीलरने काय घेतलं? एकाच टोपलीत सगळं ठेवायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर लिहू द्यायचं. तुमच्याकडे निघाला गेटपास. एप्रिल २०१८ पासून गुगलचा स्पष्ट नियम आहे की खूश गिऱ्हाइकच निवडून त्याच्याकडे रिव्ह्यू मागायचा नाही, आणि नाराज माणसाला लिहिण्यापासून परावृत्त करायचं नाही. पैसे, सूट, फुकट वॉशिंग देऊन रिव्ह्यू घेणंही चालत नाही. २०२३ या एका वर्षात गुगलने १७ कोटींवर रिव्ह्यू नियमात बसत नाहीत म्हणून अडवले किंवा काढले. अशा चाळणीत एखाद्या बार्शीच्या बाईंचाही जातो. वाईट आहे, पण चाळणी लागली कुणामुळे?

पुणेगाडी
एवढी डोकेफोड कशाला? पुण्यातून गाडी घ्या. मी घेतली. पुण्यात एकाच कंपनीचे पाच-सहा डीलर, सूट मागितली की देतात. इथे मला ॲक्सेसरीजचं पॅकेज घ्यायलाच लावत होते. राज्यात कुठेही घेतली तरी सोलापूरच्या पत्त्यावर एमएच-१३ नंबर घेता येतो.

कडकभाकरी
आणि सर्व्हिसिंगला २५० किलोमीटर जाता का?

पुणेगाडी
वॉरंटी कंपनीची असते, कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते. इथेच करतो.

कडकभाकरी
म्हणजे कमाई पुण्याला द्यायची आणि कटकट सोलापूरने सोसायची! याच वृत्तीने गावाचं वाटोळं झालं. गिरण्या गेल्या, पोरं पुण्याला गेली, आता गाड्याही तिकडून. चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात एखादा माणूस कर्ज काढून शोरूम टाकतो, चाळीस पोरांना कामाला ठेवतो, आणि तुम्ही १५ हजारांसाठी हडपसरला पळता.

पुणेगाडी
१५ नाही, ३८ हजार. माझे कष्टाचे. गावाबद्दल प्रेम आहे म्हणून मी लुबाडून घ्यायचं का?

सातरस्ता
माझा भाऊ पुण्यातून गाडी घेऊन आला. पहिल्या सर्व्हिसिंगला इथल्या ॲडव्हायझरने विचारलं, "आमच्याकडची नाही का?" आणि तारीख दिली बारा दिवसांनंतरची. माझी त्याच दिवशी घेतली. हे कोण रिव्ह्यूत लिहितं?

कडकभाकरी
बारा दिवस चूकच आहे. पण मुळात इथून घेतली असती तर...

पुणेगाडी
झालं, पुन्हा तेच. इथल्या डीलरने सरळ हिशोब द्यावा, मी उद्या इथून घेईन. हँडलिंग चार्जेस म्हणून साडेआठ हजार लावले होते. "कशाचे?" विचारलं तर "सगळ्यांना लावतो" म्हणे. ते मी रिव्ह्यूत लिहिलं तर खाली उत्तर आलं: "डिअर सर, थँक्यू फॉर युवर फीडबॅक." असलं उत्तर देणाऱ्याला गाव माझं म्हणून सांभाळू?

जुळेसोलापूर
धागा पुण्याला गेला, परत आणा की. पुणेगाडींचं शेवटचं वाक्य मात्र मुद्द्याचं आहे. प्लॅटफॉर्म दहा वेळा बदलला तरी गिऱ्हाइकाची तक्रार आणि खाली दुकानदाराचं खरं उत्तर एवढंच वाचायला लोक येतात. आता तर सर्च केलं की वर एआयने लिहिलेला सारांशच दिसतो. भारतात तो ऑगस्ट २०२४ मध्ये आला. हजार वेळा "गुड सर्व्हिस" लिहिलेल्यातून कुणी सारांश काढला तरी काय निघणार?

धोटा
मी कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. पण हे माझ्या वडिलांबाबत झालंय.

आमचं पूर्व भागात घर, वडिलांचे चार पॉवरलूम. टॉवेल विकून घेतलेली आमची पहिली गाडी. डिलिव्हरीच्या दिवशी आईने चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पेढे वाटले. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला. नाना इतके खूश होते की त्यांना काही सुचत नव्हतं. तेवढ्यात सेल्समन म्हणाला, "नाना, फोन द्या जरा." नानांना तेलुगू आणि मराठी येतं, इंग्रजी वाचता येत नाही. त्याने फोन घेतला, काहीतरी टाइप केलं आणि परत दिला. नानांना वाटलं, वॉरंटीचं काहीतरी असेल.

एप्रिलमध्ये एसी गार हवा देईना. सोलापूरचा एप्रिल, पारा ४३ वर, आईला बीपी. तीन वेळा नेली, तीन वेळा "गॅस भरला" म्हणून परत. शेवटी नाना म्हणाले, लिही बाई तू. लिहायला गेले तर नानांच्या नावावर आधीच पाच स्टार: "एक्सलंट एक्सपिरियन्स, हायली रेकमेंडेड". एका खात्यावरून एका जागेला एकच रिव्ह्यू देता येतो. म्हणजे नानांचं मत त्या पोराने आधीच देऊन टाकलं होतं.

मी ते नानांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या नावाने मी न बोललेलं लिहिलं?" चाळीस वर्षं कापड विकलं त्या माणसाने, मालात गाठ असेल तर स्वतः दाखवून किंमत कमी करणारा.

तो रिव्ह्यू बदलून मी खरं लिहिलं. त्याच संध्याकाळी शोरूममधून तीन फोन. तिन्हींत एकच, "ताई, आधी स्टार वाढवा, मग गाडी बघतो."

डिलिव्हरीयार्ड
ताई, हे आमच्या शोरूमचं नसेल अशी आशा आहे. असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. दुसऱ्याच्या फोनवरून लिहिणं मी कधी केलं नाही, पण करताना पाहिलंय, आणि गप्प बसलो.

गुरुजीअक्कलकोटरोड
धोटा ताई, रिव्ह्यूच्या नादात खरा मार्ग सोडू नका. तिन्ही जॉबकार्डं जपून ठेवा. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही.

रिव्ह्यूंसाठीही आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मानक आहे, आयएस १९०००:२०२२. पैसे देऊन किंवा खोटे रिव्ह्यू चालणार नाहीत असं त्यात आहे. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंना थेट दंडाचा नियम लागू झाला. आपल्याकडे ऐच्छिक का, हा प्रश्न खासदारांना विचारायला हवा, शोरूमच्या पोरांना नाही.

सातरस्ता
गुरुजी, पोरांना का नाही? फोन हातात घेणारा हात पोराचाच ना?

गुरुजीअक्कलकोटरोड
हात त्याचा, पण टार्गेट कुणाचं? माझा विद्यार्थी एका शोरूमला होता. कंपनीकडून गिऱ्हाइकाला फोन जायचा, दहापैकी किती देता म्हणून. नऊ मिळाले तरी वरून विचारणा, आठ म्हणजे महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. तो पोरगा गिऱ्हाइकाला हात जोडून सांगायचा, "काका, दहाच सांगा." सहा महिन्यांत सोडून आला. आता रिक्षा चालवतो, झोप लागते म्हणतो.

जुळेसोलापूर
डिलिव्हरीयार्ड, एक गोष्ट मलाही सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. मागच्या गाडीच्या वेळी नंबरप्लेट तीन आठवडे आली नाही म्हणून मी एका डीलरला एक स्टार दिला होता. कारण न लिहिता, नुसता एक स्टार. चूक त्याची होती की नव्हती हे मी विचारलंही नाही. काल रात्री तो काढून टाकला. तुमचं एवढं मी मान्य करतो. गेटपासचं नाही.

डिलिव्हरीयार्ड
गेटपास अडवणं चूक आहे. मिटिंगमध्ये हे बोलायची माझी ताकद नाही, घरी दोन लहान मुलं आहेत. पण क्यूआरचा स्टँड गेटपासच्या टेबलावरून उचलून वेटिंग हॉलमध्ये चहाच्या मशिनशेजारी ठेवता येतो, ते माझ्या हातात आहे. सोमवारी ठेवतो. रिव्ह्यू निम्म्याने कमी होतील आणि मला बोलणी बसतील, हेही इथे लिहून ठेवतो.

पुणेगाडी
आणि हँडलिंग चार्जेस?

डिलिव्हरीयार्ड
ते माझ्या हातात नाही.

धोटा
१९१५ ला फोन केला, तक्रार नंबर मिळाला. नानांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, सुताच्या हिशोबाशेजारी.