‘इन्व्हर्जन’ला मराठीत काय म्हणावं?

मुलगी कीबोर्ड शिकते. तिच्या वहीत ‘सी नाइन’ आणि खाली ‘फर्स्ट इन्व्हर्जन’ असं लिहिलंय. मी पेटीवाला. सी नाइन हा कॉर्ड, आणि कॉर्ड म्हणजे स्वरसंघात, एकदम वाजणारे सूर, एवढं ठाऊक आहे. इन्व्हर्जनला ‘विपर्यास’ वाचलंय, पण ते कुणाच्या बोलण्याचा केल्यासारखं वाटतं. आणि नऊ कुठून आले? सूर तर सातच!

—

आधी नऊ. पांढरी एक, म्हणजे सी, सा धरा. सा, ग, प, कोमल नी आणि तार सप्तकातला रे. सापासून मोजत गेलात की वरचा सा आठवा, तो रे ९वा. कोमल नी नसेल तर ‘अ‍ॅड नाइन’. नुसतं ‘नाइन’ लिहिलं की नी धरलेलाच. ११ म्हणजे वरचा म, १३ म्हणजे वरचा ध. अशांना ‘विस्तारित’ म्हणायला हरकत नाही.

—

इन्व्हर्जनला आपल्याकडे ‘मूर्च्छना’ आहे की.

—

नाही हो. मूर्च्छनेत सा हलतो, दुसराच सूर सा होतो, म्हणून तर रागाचा चेहरा बदलतो. इथे ग तळाशी आला तरी सी नाइन सी नाइनच राहतो. ग, प, कोमल नी, वरचा सा, त्यावर रे: झालं फर्स्ट इन्व्हर्जन. प तळाशी आला की सेकंड. उलटंपालटं काहीच होत नाही, फक्त सर्वांत खालचा सूर बदलतो. खांदेपालट तसा ‘तळपालट’ म्हणा.

—

तळपालट झकास. पण नाव तेच राहतं, हे दरवेळी खरं नाही. सा-ग-प-ध हा सी सिक्स. ध, म्हणजे ए, तळाशी नेला की तेच चार सूर ए मायनर सेव्हन. कुठलं नाव लावायचं ते मागचंपुढचं बघून. जॅझमध्ये तर पियानोवाला सा गाळतोही, बेसवाला तो देतोच. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचा डावा हात ऐका. ग-प-कोमल नी-रे एवढंच एकट्याने वाजवलंत तर ग म्हणजे ई, म्हणून तो ई हाफ डिमिनिश्ड हा वेगळाच कॉर्ड होतो.

—

आत्ता वाजवून पाहिलं. डावा हात भात्यावर, त्यामुळे पाच सूर पाच बोटांत बसवताना करंगळी रेपर्यंत कशीबशी पोचली. प सोडला तरी रंग तोच राहिला. रे मात्र तळाशी नेल्यावर तो सी नाइन आहे हे कानाला पटेना. मुलीला तळपालट सांगितलं, तर म्हणाली, “बाबा, परीक्षेत काय लिहू?”